घरच्या घरी बाईकची पेट्रोल टाकी: पुठ्ठ्यापासून पेट्रोलपर्यंत

टाकी बनवायची ठरवली की बहुतेक जण आधी बाजूचं चित्र काढतात: पुढचा उतार, गुडघ्यापाशी आत घेतलेला भाग, सीटकडे निमुळती होत जाणारी शेपटी. ते चित्र काढाच आणि भिंतीवर लावा. पण पत्र्याला हात लावाल तो तळापासून लावा. चासीचा मुख्य पाइप ज्यातून जातो तो उलट्या यू आकाराचा बोगदा, पेट्रोल कॉकची जागा, ब्रॅकेट, रबरं, हे सगळं तळाशी असतं. टाकी गळते, तडकते किंवा बसतच नाही ती बहुतेक वेळा याच भागामुळे. वरचा पत्रा थोडा वाकडा झाला तर लांबी (पुट्टी) भरून सुधारता येतो. तळ चुकला की सगळी मेहनत भंगारात जाते.

हा लेख ज्यांनी पत्रा कधी ठोकलेला नाही त्यांच्यासाठी आहे. म्हणून आकार मुद्दाम सोपा धरलाय: बहुतेक पत्रे एकाच दिशेने वळलेले, आणि दोन्ही दिशांना फुगणारी गोलाई फक्त पुढच्या कोपऱ्यांवर. पहिली टाकी अशीच करावी. पाण्याच्या थेंबासारख्या टाकीचा मोह दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा.

बाईक कोणती, आणि कायदा काय म्हणतो

कार्ब्युरेटरची जुनी बाईक घ्या. कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या गाड्यांत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. टाकी म्हणजे एक भांडं, एक झाकण आणि एक कॉक. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बहुधा टाकीच्या आतच पंप बसतो आणि तो साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत पेट्रोलची वाफ पकडणारा कॅनिस्टरही जोडलेला असतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पैसे खर्च करण्याआधी कायद्याचं बघून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमच्या मनातली टाकी यात बसते का, हे आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. मूळ टाकी विकू नका, जपून ठेवा.

जुन्या टाकीवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नका

ही सूचना बाकी सगळ्या लेखापेक्षा महत्त्वाची आहे. "जुनी टाकी मधून कापू, दोन इंच रुंद करू" हा बेत फार जणांच्या डोक्यात येतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एका ठिणगीने स्फोट होतो. इतकी वाफ तयार व्हायला टाकीच्या कोपऱ्यातले काही थेंब पुरतात. पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं, ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि तळाशी साचून राहते. दहा वर्षं उन्हात पडलेल्या टाकीचाही भरवसा नाही, कारण शिवणीतल्या गंजात आणि जुन्या सीलंटखाली पेट्रोल मुरलेलं असतं. आच लागली की ते बाहेर येतं. अनुभवी लोक अशी टाकी गरम पाण्याने आणि डिटर्जंटने अनेकदा धुतात, शिवाय पाण्याने किंवा आर्गॉन वायूने भरून मगच काम करतात. ते काम त्यांचंच राहू द्या. आपण कोऱ्या पत्र्यापासून सुरुवात करायची. झाकणाची गळपट्टीसुद्धा (झाकण जिच्यावर बसतं ती गोल कड) जुन्या टाकीतून कापून काढू नका, नवी विकत घ्या किंवा लेथवाल्याकडून करून घ्या.

पत्रा आणि हत्यारं

सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा, १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. २० गेजचा पत्रा हलका असतो आणि ठोकायला सोपा जातो, पण नवख्या हाताने वेल्डिंगमध्ये त्याला भोकं पडतात. ८ बाय ४ फुटांच्या पत्र्याचा अर्धा तुकडा एका टाकीला पुरून उरतो. १.२ मिलिमीटर पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, तेव्हा रिकामी टाकी ६ ते ७ किलोची होईल.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा घेऊ नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. ॲल्युमिनियम सुंदर दिसतं, हलकं असतं, पण त्याचं वेल्डिंग शिकायला वेगळा हात लागतो. फायबरची टाकी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनला ते हळूहळू मऊ पाडतं. सुटलेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो.

हत्यारं फार लागत नाहीत: पत्रा कापायच्या डाव्या आणि उजव्या कात्र्या, लाकडी मोगरी, गुळगुळीत तोंडाची हातोडी, डेंटरकडची एक डोली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), जाड कापडाची वाळूची पिशवी, भरपूर क्लॅम्प, कानस, रेघ ओढायची सुई. गोलाई काढायला बोअरच्या केसिंग पाइपचा हातभर तुकडा बाकाला घट्ट बांधला की काम होतं. मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात दुचाकीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच. कातड्याचे हातमोजे आणि चष्मा पहिल्या दिवसापासून घाला. कापलेल्या पत्र्याची कड मुकाट्याने बोट चिरते.

पुठ्ठ्याची टाकी

या टप्प्यावर घाई करू नका. जुनी टाकी उतरवा आणि नुसत्या चासीवर मापं घ्या. मुख्य पाइपची रुंदी, त्याच्या आजूबाजूने जाणाऱ्या वायरी आणि केबली, इंजिनच्या डोक्यापासूनचं अंतर, सीटचं नाक. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मूठ, लिव्हर आणि धरलेली बोटं यांच्यापासून टाकी निदान २५ मिलिमीटर दूर हवी. अंगठा टाकी आणि मुठीच्या मध्ये चेंगरला तर यू-टर्न घेताना गाडी हातातून जाते. बोगद्याला चासीपासून दोन्ही बाजूंना आणि वर १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. सिंगल सिलिंडर गाडी थरथरते, टाकीही हलते. जिथे पत्रा चासीला घासेल तिथे काही महिन्यांत भोक पडेल. टाकी जागेवर असताना स्पार्क प्लग काढता यायला हवा, हेही आत्ताच बघा.

मग टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि चिकटपट्टीने पूर्ण टाकी उभी करा, बोगद्यासकट. ती चासीवर ठेवा, गाडीवर बसा, गुडघे लावून बघा, दहा पावलं लांब जाऊन बघा. आवडलं नाही तर कापा, पुन्हा चिकटवा. दोन दिवस ती तशीच गाडीवर राहू द्या आणि येता-जाता बघत राहा.

पेट्रोल किती मावेल याचा हिशोब इथेच करा. १,००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर. समजा लांबी ५० सेंटिमीटर, सरासरी रुंदी २२ आणि उंची १८. हे झाले जवळपास २० लिटर. त्यातून ५० बाय ९ बाय १० चा बोगदा गेला, म्हणजे साडेचार लिटर. कोपरे आणि उतार यांची गोलाई वजा केली की हातात ११-१२ लिटर उरतात. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या थोडं खाली, तेव्हा भरलेली टाकी १५ किलोच्या आसपास जाते, आणि ब्रॅकेटला ते वजन दर खड्ड्यात पेलायचं असतं.

पुठ्ठ्याचे भाग सुटे करा, प्रत्येकावर नाव, पुढची बाजू आणि बाण लिहा, आणि ते पत्र्यावर ठेवून रेघा ओढा. तळ आणि बाजू जिथे जुळतात तिथे ८ ते १० मिलिमीटरची जादा कड सोडायला विसरू नका. ही कड बाहेर वळवून दोन्ही कडा एकमेकींना चिकटवल्या की वेल्डिंग खूप सोपं होतं. कडेला कड भिडवून सांधा साधायला सराव लागतो.

तळ आणि बोगदा

बोगद्याच्या सरळ घड्या घरी दोन अँगलमध्ये पत्रा आवळून मोगरीने पाडता येतात. पण जवळच्या फॅब्रिकेटरकडे बेंडिंग मशीन असेल तर थोडे पैसे देऊन तिथेच करून घ्या. घडी नेमकी येते आणि पत्रा ताणला जात नाही. बोगदा तळाच्या पत्र्याला जोडून, कच्चे टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून गाडीवर ठेवा. तो सैल आणि सरळ बसेपर्यंत पुढचा कुठलाही भाग कापू नका.

कॉक आधी विकत घ्या. त्याचे आटे बघूनच लेथवाल्याकडून लोखंडी बुश (आतून आटे पाडलेली आखूड नळी) करून घ्या. वेगवेगळ्या गाड्यांच्या कॉकचे आटे वेगळे असतात. बुश वेल्ड करताना त्यात त्याच आट्याचा एक जुना बोल्ट फिरवून ठेवा, म्हणजे आचेने आटे वाकडे होत नाहीत. कॉकची जागा टाकी गाडीवर बसल्यावर जो सर्वांत खालचा बिंदू येतो तिथे, आणि तो कार्ब्युरेटरच्या वर असायला हवा. बोगद्यामुळे टाकीचा तळ दोन खिशांत विभागला जातो हे लक्षात घ्या. कॉक एका बाजूला असेल तर दुसऱ्या खिशातलं पेट्रोल तिथेच अडकून राहतं. दोन्ही खिशांना एकेक निपल (पाइप चढवायची छोटी नळी) देऊन खालून पाइपने जोडा. हा पाइप आणि कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचा घ्या.

ब्रॅकेट थेट पातळ पत्र्यावर कधीही वेल्ड करू नका. आधी २ मिलिमीटर जाडीची, गोल कोपऱ्यांची ठिगळपट्टी पत्र्यावर लावा आणि ब्रॅकेट तिच्यावर. चौकोनी कोपऱ्याची पट्टी लावली तर त्याच कोपऱ्यातून तडा सुरू होतो. पुढे दोन आणि मागे एक, अशी तीन ठिकाणी टाकी रबरावर बसवा. बोल्ट रबराला चेपून थेट लोखंडावर आवळला जाऊ नये म्हणून आत स्लीव्ह (धातूची आखूड नळी) घाला.

बाजू आणि वरचा पत्रा

एका दिशेची गोलाई केसिंग पाइपवर हाताने दाबत दाबत काढा. एकदम वाकवू नका. थोडं वाकवा, पुठ्ठ्याशी ताडून बघा, पुन्हा वाकवा.

पुढच्या कोपऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे पत्र्याला दोन्ही दिशांना फुगायचं असतं, म्हणजे मधला भाग ताणला गेला पाहिजे आणि कडा आकसल्या पाहिजेत. तुकडा वाळूच्या पिशवीवर ठेवा आणि मोगरीने कडेपासून आत, गोल गोल फिरत ठोका. कडेला सुरकुत्या पडतील, त्या पडायलाच हव्यात. प्रत्येक सुरकुती टोकाकडून बंद करत, डोलीवर ठेवून, हलक्या घावांनी स्वतःमध्येच दाबून टाका. आकसणं म्हणजे हेच. सुरकुतीची घडी दुमडून एकावर एक चढू देऊ नका, तिथे पत्रा फाटतो. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला, घाव उसळायला लागला, की गॅसच्या बत्तीने मंद लाल होईपर्यंत तापवा आणि आपोआप गार होऊ द्या. तो पुन्हा मऊ होतो.

आकार आला की मठारायचं: आतून डोली धरायची, बाहेरून गुळगुळीत हातोडीचे हलके, एकमेकांवर थोडे चढणारे घाव घालत जायचं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी जवळ असेल तर एकदा जाऊन या. तिथे तांब्याच्या भांड्यांवर हे मठारकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. घाव मनगटातून कसा पडतो, भांडं कसं फिरवत राहतात, एका जागी दोनदा हात कसा पडत नाही, हे तासभर बघितल्यावर जे कळतं ते लिहून सांगता येत नाही. तांबं मऊ असतं, आपला पत्रा कडक. पण हाताची चाल तीच.

वरच्या पत्र्यात झाकणाची गळपट्टी टाकी बंद करण्याआधी बसवा. ती २ ते ३ सेंटिमीटर टाकीच्या आत उतरलेली ठेवा आणि तिच्या आतल्या भागाला, अगदी वर, एक बारीक भोक पाडा. पेट्रोल काठोकाठ भरलं तरी वर हवेची जागा राहते. उन्हात ते फुगतं: १२ लिटर पेट्रोल २५ अंशांवरून ५० अंशांवर गेलं तर पाव लिटरहून थोडं जास्त वाढतं, आणि ते मावायला जागा नसेल तर झाकणातून तापल्या इंजिनवर उतरतं. झाकणाला हवेचं छिद्र हवंच, नाहीतर आत पोकळी होऊन पेट्रोल उतरणं बंद होतं. आत एक आडवी पट्टीही घाला, खाली-वर फटी ठेवून, म्हणजे ब्रेक मारल्यावर पेट्रोल धडकन पुढे जात नाही.

वेल्डिंग

तुम्हाला येत नसेल तर सगळे भाग जुळवून, क्लॅम्प लावून आर्गॉनवाल्याकडे, म्हणजे टिग वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या. यात कमीपणा काही नाही. नव्वद टक्के काम तुमच्याच हातचं राहतं. साध्या आर्क मशीनच्या रॉडने मात्र या पत्र्यावर कुणालाही हात लावू देऊ नका.

स्वतः टिग करणार असाल तर १.२ मिलिमीटर पत्र्याला ४० ते ६० अँपिअर, १.६ मिलिमीटरची तार, मिनिटाला ७ ते ८ लिटर आर्गॉन. त्याच पत्र्याच्या तुकड्यांवर आधी भरपूर सराव करा. कडा दोन्ही बाजूंनी चकचकीत घासा आणि ॲसिटोनने पुसा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका, आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो. खिडक्या-दारं उघडी ठेवा; आर्गॉन बंद खोलीत साचून श्वासाची हवा ढकलून देतो.

आधी दर २५-३० मिलिमीटरवर टाके. एकापुढे एक मारू नका: एक पुढे, एक मागे, मग मध्ये, मग उरलेल्या जागांच्या अधेमध्ये. टाके पूर्ण झाले की टाकी पुन्हा गाडीवर ठेवून बघा, अजूनही दुरुस्ती शक्य असते. मग शिवण भरायला घ्या, एका वेळी जेमतेम २५ मिलिमीटर. हात ठेवता येईल इतकी जागा गार झाली की दुसऱ्या टोकाला जा. सलग ओढत गेलात तर पत्रा लाटांसारखा उठतो आणि तो पुन्हा बसवणं नव्याने टाकी करण्याइतकंच कठीण जातं.

गळती तपासणं

कॉम्प्रेसर जोडू नका. ५० बाय २५ सेंटिमीटरच्या सपाट बाजूवर फक्त २ पीएसआय दाब दिला तरी एकूण जोर १७५ किलोच्या घरात जातो. टाकी फुग्यासारखी बाहेर येते आणि तशीच राहते.

घरी करता येईल असा सुरक्षित उपाय आहे. पारदर्शक नळी यू आकारात भिंतीवर बांधा, दोन्ही पाय मीटरभर उंच, निम्म्यापर्यंत पाणी भरलेलं. एक तोंड टाकीला जोडा, दुसरं उघडं. झाकणाची जागा रबर आणि पट्टीने बंद करा आणि सायकलच्या पंपाने हळूच हवा भरा. दोन पायांतल्या पाण्यात १ मीटर फरक पडला की दाब सुमारे १.४ पीएसआय झाला; त्याहून जास्त हवा गेली तर पाणी उडून बाहेर पडतं आणि टाकी वाचते. आता प्रत्येक शिवणीवर, बुशवर, ठिगळपट्टीवर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि उजेडात बघा. बारीक छिद्रातून येणारे बुडबुडे फेसासारखे, सावकाश वाढतात, तेव्हा एकेका जागी थांबून बघावं लागतं. जिथे दिसेल तिथे खडूने खूण, हवा सोडा, घासा, पुन्हा वेल्ड करा, पुन्हा तपासा. छिद्र बुजवायला आत सीलंट ओतणं ही पळवाट आहे. सीलंट गंज रोखायला वापरा, आणि तोही इथेनॉल चालणारा. वाईट शिवण त्याच्या भरवशावर सोडू नका.

शेवटी रात्रभर पाणी भरून ठेवा, शिवणींवर कोरडा कागद फिरवा. सकाळी पाणी ओतून हॉट एअर गनने आतून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, उघडा सीआरसी पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. त्यामुळे वाळवल्याबरोबर आत सीलंट लावा, किंवा टाकीत थोडं इंजिन ऑइल ओतून सगळीकडे फिरवून ठेवा आणि भरण्याआधी थोड्या पेट्रोलने खळबळून काढा.

रंग आणि पहिले काही किलोमीटर

लांबी पातळ, २ मिलिमीटरच्या आत. जाड थर थरथरीने सुटतो. वरचा क्लिअर कोट दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) हवा. साध्या स्प्रे कॅनचा रंग झाकणाजवळ सांडलेल्या पेट्रोलने पहिल्याच आठवड्यात विरघळतो. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते, साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. रंग पेंटरकडेच द्या.

पहिल्यांदा २ लिटरच पेट्रोल भरा, गाडी उघड्यावर उभी ठेवा, अर्धा तास थांबा, मग फेरी मारा. १०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन तिन्ही ब्रॅकेट आणि बोगद्याच्या आतल्या कडा बघा. कुठे घासल्याची चकाकी दिसली तर रबर उंच करा. ब्रॅकेटपाशी रंगात बारीक रेघ आली असेल तर ती तड्याची सुरुवात आहे. पेट्रोल काढा, टाकी उतरवा, आणि वेल्डरला सांगा की ही आता वापरलेली टाकी आहे. कॉकपुढे पारदर्शक फिल्टर लावून ठेवा. सुरुवातीच्या भरण्यांत त्यात वेल्डिंगची काळी पूड येईल. ती येणं थांबेपर्यंत फिल्टर बदलत राहा, आणि लांबच्या प्रवासाला त्यानंतरच निघा.